डाव्या गालातली गाठ

माझा नवरा खामफुई खेन वाजवायचा आणि मी गायचे. लग्न असो की देवळातला उत्सव, सावन्नाखेतच्या आसपासच्या गावांतून आम्हाला जोडीनं बोलावणं यायचं. बांबूच्या नळ्यांचा तो बाजा त्यानं तोंडाला लावला की मला सूर शोधावा लागत नसे.

त्याच्या खालच्या जबड्यात डावीकडे सुपारीएवढी गाठ आली, तेव्हाच दातांचे डॉक्टर म्हणाले होते, "लहान आहे तोवर काढून टाका."

"दुखत नाही तर कशाला उकरायची?" हा म्हणाला. पुढं सहा वर्षं तो लोकांकडे उजवा गाल करून बसत राहिला. गाठ पेरूएवढी झाली, दात हलू लागले, तेव्हा मी त्याला राजधानीत, व्हिएन्तिआनच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासून घेतला आणि मग एक्स-रे उजेडात धरला. "कॅन्सर नाही. पण हाड आतून पोखरलंय. अर्धा जबडा काढून पायाचं हाड बसवावं लागेल."

"खेन फुंकता येईल?" त्यानं विचारलं.

"खालचा ओठ बधिर होईल. खोटं कशाला सांगू?"

तो उठून निघालाच. व्हरांड्यात मी त्याला गाठलं. "अरे, एक दिवस घास चावताना मोडेल तो जबडा."

"मोडू दे. तोवर वाजवतो."

"मला वाजवणारा नकोय, धडधाकट नवरा हवाय," मी म्हणाले. मग आत जाऊन त्यानं सही केली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. हाड जुळलं. चार महिन्यांनी तो मऊ भात खाऊ लागला, काठीशिवाय चालू लागला. एका सकाळी त्यानं खेन तोंडाला लावला. ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटली, लाळ हनुवटीवर ओघळली. त्याला ते कळलंही नाही. मी फडक्यानं पुसली, तेव्हा कळलं.

पुढच्या मोसमात लग्नाचं बोलावणं आलं. मी नाही म्हणत होते.

"जा," तो म्हणाला. "गळा गंजेल."

साथीला शेजारच्या गावचा बुनखोंग आला. खामफुई मांडवात शेवटच्या चटईवर बसून ऐकत होता.

परतताना मी म्हणाले, "फार घाई करतो बाई तो बुनखोंग."

"नाही." त्याचे शब्द अजून बोबडे यायचे. "तूच मागं राहत होतीस. माझ्यासाठी थांबत होतीस. तसं करू नकोस."

पुढच्या लग्नात गाताना मी त्याच्यासाठी थांबले नाही. त्यानंतर तो कधी ऐकायला आला नाही.