वाचनालयातले वकीलसाहेब

"आमच्या ग्रंथालयातून आजवर एकसुद्धा मेलेला कायदा बाहेर गेलेला नाही," पुरवणी माइकवरून म्हणाला. "गेलाय असं कुणी दाखवून दिलं, तर इथंच, ह्या स्टेजवर मिशी उतरवीन. फक्त न्हाव्याची सोय संघटनेनं करायची."

शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नव्हतं. पण काहीतरी जोडल्याशिवाय त्याचं बोलणं संपतच नसे, म्हणून तर सगळे त्याला पुरवणी म्हणत. कोर्टाच्या कायदा ग्रंथालयाचा तो मुख्य ग्रंथपाल. मेलेला कायदा म्हणजे सरकारनं रद्द केलेला, ज्याच्या जागी नवा आलाय असा. तसली पुस्तकं कपाटातून काढून तळघरात टाकायची आणि चुकूनही कुणाच्या हाती लागू द्यायची नाहीत, हे त्याचं काम.

कायदा ग्रंथपालांच्या संघटनेची वार्षिक सभा होती आणि विषय होता सामाजिक बांधिलकी. एका ग्रंथपालानं झाडं लावली होती. दुसऱ्या बाईंनी त्याच झाडांना पाट्या लावल्या होत्या. झाडं गेली होती, पाट्या होत्या. पुरवणीनं मात्र एका गरीब वस्तीतल्या वाचनालयाला कायद्याच्या पुस्तकांचे खोकेच्या खोके दिले होते. पडद्यावर फोटो झळकला. पुरवणी पुस्तक देतोय, वाचनालयाच्या बाई घेतायत, आणि दोघंही पुस्तकाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतायत.

टाळ्या झाल्या. मग अध्यक्षांनी त्या बाईंनाच दोन शब्द बोलायला बोलावलं.

"पुस्तकं तर छानच आहेत," बाई म्हणाल्या. "पण खरे उपकार म्हणजे तुम्ही पाठवलेले वकीलसाहेब. रोज दुपारी येऊन बसतात. कुणाचीही कसलीही भानगड असो, ऐकून घेतात, सांगतात. एक पैसा घेत नाहीत."

टाळ्या दुप्पट झाल्या. अध्यक्ष पुरवणीच्या कानाशी लागले. "वकीलही दिलात? बोलला नाहीत कधी."

"आम्ही सल्ला देत नाही, फक्त माहिती देतो," पुरवणी सवयीनं म्हणाला. त्यानं कुठलाही वकील पाठवलेला नव्हता.

सभा संपल्यावर त्यानं बाईंना जिन्यात गाठलं. "कसे दिसतात हे वकीलसाहेब?"

"काळा कोट, पांढरे कल्ले, कानामागे पेन्सिल. अगदी देवमाणूस. चहा दिला तर नको म्हणत नाहीत, पण पीतही नाहीत. कप तसाच भरलेला राहतो."

कानामागे पेन्सिल खोचणारा वकील अख्ख्या कोर्टात एकच होता, आणि त्याच्या शोकसभेला पुरवणी स्वतः हजर होता. दोन मिनिटं मौन पाळलं होतं, त्यातलं दीड मिनिट 'ह्यांची पुस्तकं आता कुणाकडे जाणार' ह्या काळजीत गेलं होतं. ती त्याच्याकडेच आली. वकिलांच्या मुलानं सगळा संच ग्रंथालयाला देऊन टाकला. चामड्याची बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि आतला कायदा वकील गेल्याबरोबर रद्द झालेला. संच तळघरात गेला, इतर दिवंगत वकिलांच्या संचांशेजारी. पुढं वाचनालयाला पुस्तकं द्यायची वेळ आली, तेव्हा पुरवणीनं आधी नवीच काढली होती. पण जिवंत कायदा हल्ली कागदी बांधणीत येतो, फोटोत शाळेच्या वहीसारखा दिसतो. म्हणून वर थोडी सोनेरी अक्षरं ठेवली. मग खालीही ठेवली. नव्यांना खोक्यात जागाच उरली नाही.

"तुमच्या ताईंनाही त्यांनीच धीर दिला," जिना उतरता उतरता बाई म्हणाल्या. "त्या घराच्या नोटिशीवरून किती घाबरल्या होत्या बिचाऱ्या."

आता मात्र त्यानं जिन्याचा कठडाच धरला.

ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याच वस्तीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायची आणि शिवणकाम करायची. नवरा गेल्यापासून त्या दोन खोल्या, एक मशीन आणि खिडकीतला उजेड एवढाच तिचा संसार. मालकाची खोल्या रिकाम्या करायची नोटीस आली, तेव्हा ती आधी भावाकडेच आली होती. भाऊ म्हणाला होता, "ताई, मी माहिती देऊ शकतो, सल्ला नाही. नियम आहे." ताई म्हणाली, मग माहिती दे. त्यानं तिला सहा पुस्तकांची नावं लिहून दिली होती, आवृत्तीसकट.

तो पोचला तेव्हा ताई कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करत होती. चेहरा अगदी निवांत.

"नोटिशीचं काय केलंस?"

"काही नाही. वकीलसाहेब म्हणाले, गप्प बसायचं. भाडेकरूनं एक अक्षर बोलायचं नाही, जे सिद्ध करायचं ते मालकानं करायचं. कायदाच आहे तसा, त्यांनी काढून दाखवला."

तसा कायदा होता. पुरवणीला पाठ होता. आणि तो कसा मेला तेही पाठ होतं. नव्या कायद्यात भाडेकरूनं मुदतीत लेखी हरकत घेतली नाही, तर त्याला सगळं कबूल आहे असं धरतात. मुदत उद्या संध्याकाळी, भाड्याच्या तंट्यांची कचेरी बंद होईपर्यंत होती.

पुरवणीनं तोंड उघडलं. 'ताई, उद्या हरकत दाखल कर', एवढंच म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांची जीभ. "ह्या विषयावर," तो म्हणाला, "काही अद्ययावत साहित्य उपलब्ध आहे. इच्छुकांनी ते अवश्य पाहावं."

ताईनं दातांनी दोरा तोडला. "इच्छुक. तुला माहितीये, मी जाऊन बसले तेव्हा वकीलसाहेब पहिलं वाक्य काय बोलले? 'बाई, तुमचं काही चुकलेलं नाही.' आणि तू? सहा पुस्तकं. घर जातंय रे माझं, परीक्षेला नाही बसत मी."

"ते वकीलसाहेब मेलेत, ताई."

"मेले असतील तुझ्या लेखी. जे तुला विचारत नाहीत ते सगळे मेलेलेच. काल मला विचारत होते, मशीनला तेल कुठलं घालता."

आता शहाणा माणूस बहिणीशी वाद घालत बसला असता. पुरवणीला वाटलं, त्यापेक्षा मेलेल्या माणसाशी घालावा. तो निदान कायद्याचं ऐकेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कायद्यातल्या दुरुस्त्यांची सगळी पुस्तकं पिशवीत भरून वाचनालयात गेला. पंखा फिरत होता, तरी त्या कोपऱ्यात वारा पोचत नव्हता. तिथं तळघराचा ओला, बुरशीचा वास होता. बाकावर चारपाच माणसं नंबर लावून बसली होती. एक रिक्षावाला नुकताच उठून डोळे पुसत, हसत बाहेर गेला. आणि टेबलामागं, सोनेरी अक्षरांच्या रांगेसमोर, वकीलसाहेब होते. समोर चहाचा कप, त्यावर साय धरलेली. पान उलटताना त्यांच्या बोटाखाली कागद वाकत नव्हता, तरी पान उलटत होतं.

पुरवणीच्या पाठीतून काहीतरी थंड सरकत खाली निघालं. पण कायदा चुकीचा सांगितला जातोय, ह्या विचारानं ते अर्ध्यावर थांबलं.

"या," वकीलसाहेब मान वर न करता म्हणाले. आवाज जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडावा तसा. "माझ्या शोकसभेत डुलक्या काढत होतात."

"डुलक्या नव्हत्या साहेब. मौन होतं."

"मौनात मान हलत नाही. बसा. तुमचं काही चुकलेलं नाही."

ते ऐकून पुरवणीला क्षणभर इतकं बरं वाटलं, की पिशवी तशीच घेऊन घरी जावं असं मनात आलं. त्यानं निग्रहानं पहिलं पुस्तक काढलं.

"साहेब, आपल्या पश्चात कायद्यात काही बदल झालेत."

"होऊ देत. कलम नऊ आहे तोवर भाडेकरूला भीती नाही."

"कलम नऊ," पुरवणी वाचू लागला, "वगळण्यात आले आहे."

वकीलसाहेबांच्या कोटाचं वरचं बटण दिसेनासं झालं. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"कलम दहा?" वकीलसाहेबांनी सावधपणे विचारलं.

"वगळण्यात आले आहे."

डावी बाही गेली. बाहीतला हात आधी होता की नव्हता, हे आता सांगता येत नव्हतं. बाकावरला एक म्हातारा फक्त पुढचा नंबर आपला आहे ना, एवढं शेजाऱ्याला विचारून घेत होता.

"अकराला तरी हात लावला नसेल," वकीलसाहेब म्हणाले. "अकरावर मी तीन खटले जिंकलेत."

पुरवणीनं पान पाहिलं आणि पुस्तक मिटलं. नको असलेली पुस्तकं त्यानं आयुष्यभर हसत हसत तळघरात टाकली होती. माणसाच्या तोंडावर वाचून दाखवायची वेळ पहिल्यांदा आली होती.

"वाचा," वकीलसाहेब म्हणाले.

"राहू द्या साहेब."

"म्हणजे गेलं." खांद्यापाशी भिंतीचा रंग दिसू लागला. ते सोनेरी अक्षरांकडे वळले. "त्या शिवणकामवाल्या बाईंना मी गप्प बसा म्हणालो. आता काय आहे?"

"आता गप्प बसलं की कबूल धरतात. आज शेवटचा दिवस."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कोण लागतात त्या तुमच्या?"

"सख्खी बहीण."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आम्ही सल्ला देत नाही. फक्त..."

"अहो, मी मेलोय म्हणून मला माहीत नव्हतं," वकीलसाहेब म्हणाले. आता नुसते कल्ले, पेन्सिल आणि आवाज उरला होता. "तुमचं काय कारण?"

पुरवणी पिशवीतली पुस्तकं चाचपू लागला. वर पाहिलं तर खुर्ची रिकामी होती, आणि नंबर लावून बसलेली माणसं त्याच्याकडे अशी बघत होती, जणू त्यानंच ऐन वेळी खिडकी बंद केली.

"घालवलंत त्यांना," म्हातारा म्हणाला. "चांगल्या माणसाला टिकूच देत नाहीत."

पुरवणी पळतच ताईकडे गेला. पिशवी तिथंच राहिली.

"ताई, ऊठ. नोटिशीला लेखी हरकत घ्यायची. आत्ता."

"वकीलसाहेब म्हणाले..."

"वकीलसाहेब चुकले. मी सांगतो ते कर."

ताईनं मशीनवरचा पाय काढला आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. "पुढं?"

"पुढं काय?"

"पुढं काही जोडायचं नाही? 'अर्थात', 'मात्र', 'फक्त'?"

"नाही. हा सल्ला आहे. नोकरी गेली तर जाऊ दे."

चाळीस वर्षांत त्याचं बोलणं असं मध्येच संपलेलं तिनं ऐकलं नव्हतं. ती घाबरली आणि चपला शोधू लागली. "हे आधी बोलला असतास," वाटेत ती म्हणाली, "तर मी कशाला त्या माणसाचं डोकं खाल्लं असतं? पंधरा दिवस मी त्यांना चहा पाजतेय."

कचेरीत पोचले तेव्हा कारकून खिडकीची फळी लावत होता. पुरवणीनं फळीत हात घातला. बोटं चेमटली, पण हात काढला नाही.

"अर्ज कुठाय?" कारकुनानं विचारलं.

अर्ज लिहायचा होता. कोरा कागद ताईकडे नव्हता. कारकून म्हणाला, कागद देणं हे आमचं काम नाही. पुरवणीच्या खिशात त्याच्या कामावरचा एक कोरा कागद घडी घालून ठेवलेला होता, वर ग्रंथालयाचं नाव छापलेला. त्यानं तोच भिंतीला टेकवला आणि चेमटलेल्या बोटांनी लिहायला घेतलं. नव्या कायद्याचं कलम, मुदत, हरकतीचं कारण, सगळं जागच्या जागी. ताईनं खाली सही केली. कारकुनानं घड्याळ पाहिलं, मग नाइलाजानं पोच दिली.

बाहेर आल्यावर ताईनं त्याची बोटं आपल्या पदरात धरली आणि फुंकर घातली. लहानपणी घालायची तशी. "तुझं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली.

"चुकलंय," पुरवणी म्हणाला. त्यातही त्यानं काही जोडलं नाही.

पुढच्याच महिन्यात निकाल लागला. हरकत मुदतीत आली, मालकाला खोल्या रिकाम्या करून घेता येणार नाहीत, असा स्वच्छ हुकूम झाला. मालकाची नोटीस रद्द. फक्त अर्जदाराचं नाव कारकुनानं कागदाच्या वर छापलेलं पाहून उतरवलं होतं. त्यामुळे हुकुमाप्रमाणे त्या दोन खोल्यांचा कायदेशीर भाडेकरू कायदा ग्रंथालय ठरला, आणि सही करणाऱ्या बाई ग्रंथालयातर्फे हजर असल्याची नोंद झाली. दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. तो केला आहे.

दरम्यान हुकुमाची एक प्रत कोर्टाच्या जागा सांभाळणाऱ्या बांधकाम खात्याला गेली. ग्रंथालयाच्या तळघरात ओल आली होतीच, आणि आता ग्रंथालयाला आयत्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. खात्यानं त्याच आठवड्यात तळघरातला सगळा रद्द कायदा टेंपोत भरून ताईच्या खोल्यांत आणून रचला. मशीनपर्यंत जायला आता वाकून जावं लागतं. खिडकी झाकली गेली. टेंपो निघून गेल्यावर ताई चहा ठेवायला आत वळली, तेव्हा खोक्यांवर आधीच नऊ जण बसलेले होते, सगळे काळ्या कोटात, आणि त्यांतल्या एकालाही ती ओळखत नव्हती.