चार दिवसांची लिली

“आई, पाणी नका मारू!”

सून ओरडली, पण माझा हात सुटला होता. चाळीस वर्षं फुलांचं दुकान चालवतेय. फूल दिसलं की हात आपोआप पाणी शिंपडतो. लिलीच्या केसरांची पूड ओघळून पांढऱ्या पाकळ्यांवर डाग पडले. त्या एका फुलासाठी तिने तीन दिवस कळीवर पहारा केला होता. फोटो संध्याकाळपर्यंत प्रदर्शनवाल्यांकडे पोचवायचा होता, आणि याआधी दोनदा त्यांनी तिचे फोटो परत पाठवले होते.

“केसर आधी खुडायचं असतं. एवढंही ठाऊक नाही?” चूक माझी, म्हणून आवाजही माझाच मोठा.

ती रुमालाच्या टोकाने डाग टिपू लागली. तेच जास्त झोंबलं.

मी दुकानातला सगळ्यांत लालभडक गुलाब तिच्यापुढे धरला. “याचा फोटो काढ. याच्यासाठी गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येतं.”

तिने काढला आणि कॅमेऱ्यात दाखवला. लाल पाकळ्या, हिरवी पानं, सगळी एकाच राखाडी रंगाची. नुसता गोळा.

“काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कामाचा नाही, आई. पाकळीची कड हवी, शिरा हव्यात.”

“मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?”

कड मला कोण शिकवणार! बाजारात माल घेते तेव्हा उजाडलेलंही नसतं. रंग दिसतोय कुठे? बोट फिरवूनच घेते. मी टाकाऊ फुलांच्या टोपलीत हात घातला, डोळे मिटून चाचपलं आणि एक लिली वर काढली. कडा मुरडलेल्या, पाकळी कागदासारखी, शीर न् शीर उठलेली.

“ही? ही तर तुम्ही काढून टाकलीत.”

“विक्रीतून काढली. फोटोतून नाही. लाव तुझं यंत्र.”

दाराच्या उजेडात उभी राहिले. डाव्या हातावर काळी शाल पसरली, तिच्यापुढे उजव्या हाताने लिली धरली. हात तसूभर हलू दिला नाही.

या वेळी फोटो परत आला नाही. प्रदर्शनात थेट समोरच्या भिंतीवर लागला. एक बाई त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभ्या होत्या.

“किती ताजं फूल आहे, नाही?”

सुनेने माझ्याकडे पाहिलं. गप्प बसले असते तर कुणाचं काय जात होतं?

“ताजं कसलं हो, चार दिवसांचं आहे. शिळ्याला ताजं म्हणायची आमच्यात रीत नाही.”

बाई वाकून पुन्हा बघू लागल्या. सुनेने कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली आणि फोटोच्या अगदी शेजारी मांडली. मी बसले.