सहा दाबलं, साठ हवं होतं

मित्रांनो, मी एक जुना पॅनल आहे आणि सध्या माझं डोकं जाम फिरलंय. डेअरीत दुधाच्या मोठ्या टाकीशेजारी भिंतीवर असतो. काचेवर दूध किती गार आहे ते दाखवतो. सहा अंशांच्या वर गेलं की लाल होतो आणि बोंबलतो. बस, एवढंच माझं काम.

टाकी सांभाळायच्या मावशी. पाळीवर आल्या की काचेवर टकटक करून विचारायच्या, "काय रे, बरा आहेस ना?" मी बोंबललो की हातातलं टाकून यायच्या. मी दोनदा अख्खी टाकी वाचवली तेव्हा फोरमनसुद्धा म्हणाला होता, "हा आहे म्हणून झोप लागते."

मग माझी बॅटरी मेली आणि सगळे आकडे पुसले गेले. नवा वायरमन आला, कानाला फोन लावून. माझ्यात दशांशाचा पॉइंट नाही, शेवटचा आकडा पॉइंटनंतरचा धरतो; सहा अंश हवेत तर साठ दाबायचं. ह्यानं दाबलं सहा. म्हणजे अर्धा अंश आणि चिमूटभर वर. दूध चारवर, मग मी बोंबलणारच ना?

दिवसभर बोंबललो. कुणी विचारलं का, बाबा तुला काय झालंय? नाही. फोरमन म्हणाला, "म्हातारा येडा झालाय. तोड त्याची भोंग्याची वायर." तोडली. मी नुसता लाल, आठवडाभर.

आणि एका दुपारी गार करणारं मशीन खरंच बंद पडलं. पाच, आठ, बारा. मी लाल होतो. पण लाल तर रोजच होतो. आंबूस वास सुटला तेव्हा कुठे सगळे धावले. अख्खी टाकी गटारात.

फोरमन सरळ मावशींवर घसरला. "तुमच्या पाळीत झालंय. लाल दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की. कालपण दिसत होतं, परवापण. आजचं लाल वेगळं आहे हे मी कशावरून ओळखायचं, सांगा."

वायरमननं मान खाली घालून माझं मर्यादेचं पान उघडलं. सहा. गुपचूप साठ केलं. मशीन दुरुस्त झालं, धुतलेली रिकामी टाकी गार झाली, तसा माझा लाल गेला.

"झाला शांत. विषय संपला," फोरमन म्हणाला.

मावशी उलट्या कॅनवर बसल्या. बाहेर दूध घेऊन आलेला टँकर हॉर्न वाजवतोय, पण मावशी टाकीत दूध घ्यायच्या पाइपला हात लावेनात. "शांत नाही, मुका झालाय. आधी वायर जोडा."

"अहो मावशी, टँकर खोळंबलाय."

"खोळंबू दे. तुमची घाई गटारात वाहून गेली ना मघाशी?"

जोडली शेवटी. तपासायचं बटण दाबलं, तसा मी असा बोंबललो की वायरमन दचकून मागे सरला.

पण टाकी गेल्याचं खापर कुणावर तरी फोडायचं होतं. मावशींची बदली झाली, पार मागे, कॅन धुवायला. सहा दाबणारा तिथंच, वायर तोडायला लावणारा तिथंच.

मित्रांनो, कुणी बोंबलत असेल तर आधी त्याला काय झालंय ते बघा. तोंड काय, कुणीही बांधतं.

परवा मी वाजलो. शेजारी उभे होते त्यांनी आधी चहा संपवला. ओल्या हातांनी पळत आल्या त्या मावशी.