पुरतं विचारलेलं

लॉन्ड्रीवालीच्या लेकाच्या हातून गरम इस्त्री सुटली आणि गिऱ्हाइकाचा शर्ट करपला, तेव्हा तिने आधी त्यालाच चार शब्द सुनावले. पण आठवड्यात इस्त्री पुन्हा सुटली. मग त्याला स्वतःची बटणंही लावता येईनात. मोठ्या डॉक्टरने तपासण्या करून सांगितलं, नसांचा आजार आहे; हात जातील, मग पाय, मग बोलणं. औषधाने थोडा उशीर होईल, बरं होणार नाही.

"त्याला काय कळतंय," ती घरी येऊन म्हणाली. "मेल्याने मान वर करून माझ्या लेकाकडे बघितलंसुद्धा नाही."

सुनेने तिला मोबाइलमध्ये चॅटबॉट घालून दिला. तोंडाने विचारायचं, तो तोंडाने सांगणार. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईचंही त्यात भागत होतं. तिने त्याचं नाव शहाण्या ठेवलं आणि गठ्ठ्यांच्या आड बसून विचारलं, "ओळखीतल्या एकाचा हात जरा जड पडतो. काय करावं?" घरचं दुखणं परक्यासमोर पुरतं उघडं करायची तिची रीतच नव्हती. शहाण्या म्हणाला, शीर दबली असेल, हलका व्यायाम करून बघा, बरं वाटेना तर डॉक्टरांना दाखवा. शेवटचं तिने कानाआड केलं. लेकाच्या मुठीत रबरी चेंडू आला.

महिन्याभरात तो चेंडूही मुठीत थांबेना.

"आई, तुम्ही त्याला अर्धंच सांगता," हँगर लावता लावता सून म्हणाली. "मग तो तेवढ्याचंच उत्तर देतो. रिपोर्ट सगळा सांगा. कुठून काढलंस तेही विचारा. नाहीतर तो आपल्याला गोड वाटेल तेच बोलत बसतो."

"तुझ्या सासऱ्यासारखाच म्हण की."

सुनेने रिपोर्ट वाचला. शहाण्याने डॉक्टरचंच बोलणं परत ऐकवलं. पण डाग निघणार नाही असं लॉन्ड्रीवालीने गिऱ्हाइकाला पहिल्या धुण्यात कधी सांगितलं नव्हतं. ती विचारत राहिली आणि विचारण्यात तरबेज होत गेली. कुठल्याशा मुळीचा काढा निघाला. कोणी तपासला? कोणीच नाही, विकणाराच तसं म्हणतो. नवं इंजेक्शन निघालं. कितीजणांना दिलं, किती बरे झाले? काहींचं दुखणं मंदावलं, बरं कोणी झालं नाही.

"तुझ्या उलट बोलणारा एखादा डॉक्टर शोध," तिने फर्मावलं.

भरवसा ठेवावा असा कोणी सापडत नाही, शहाण्या म्हणाला.

जितकं नीट विचारावं तितकी एकेक वाट बुजत होती. तिने मोबाइल काउंटरवर पालथा घातला.

"तुला ठाऊक होतं," ती सुनेला म्हणाली.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पुरतं."

"मग मला कशाला नाचवलंस?"

"तुम्ही माझं ऐकलं असतंत?"

लॉन्ड्रीवाली समोरच्या गठ्ठ्याची गाठ सोडू लागली.

आतल्या खोलीतून लेकाने हाक मारली. "आई, शहाण्या काय म्हणतोय? तुझ्या सुनेला विचारलं तर ती रडते. तू सांग."

अख्ख्या गल्लीला तोंडावर खरं ऐकवणारी बाई दारातच थबकली.

"डॉक्टर म्हणाला तेच," ती म्हणाली. "सगळीकडून विचारून झालं रे."

तो म्हणाला, "तर मग तिला प्रेसचं मशीन शिकवतो. तोंड चालतंय तोवर."

सून पदराला हात पुसत मशीनपाशी येऊन उभी राहिली. लॉन्ड्रीवालीने स्टूल ओढलं, आतून लेकाला बगलेत धरून बाहेर आणलं आणि त्यावर बसवलं. ओल्या चादरींचा एक गठ्ठाही त्याच्याहून जड भरला असता.