घाईसाहेब आणि उडालेलं आर्सेनिक

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बावीस वर्षं मी स्फटिकांच्या चकत्या तापवल्या. शहाणी माणसं पाहिली, दीडशहाणी त्याहून जास्त. त्या दीडशहाण्यांचे मुकुटमणी म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे घाईसाहेब.

गॅलियम आणि आर्सेनिक मिळून बनणारे गॅलियम आर्सेनाइडचे स्फटिक वाढवायचे काका, आणि मला सांभाळायच्या ताई. निवृत्तीच्या तोंडावर काकांनी वाढवलेल्या शेवटच्या स्फटिकाच्या तीनच चकत्या उरल्या होत्या, आरशासारख्या लख्ख. त्या दुपारी तापवलेली चकती बघायला पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले, "साडेसातशे अंशांवर तापवा. लवकर आटपा."

ताई म्हणाल्या, "साहेब, साडेसहाशेच्या वर आर्सेनिक भराभर उडून जातं, गॅलियम मागेच राहतं. चकती उघडी नको ठेवायला."

"एकाच स्फटिकातले दोघं. एक जाईल अन् एक राहील? काहीतरीच!"

अशा माणसाला मी काय सांगणार? त्यांनी स्वतःच एक चकती उघडी, तोंड वर करून आत सरकवली आणि बटण फिरवलं. आर्सेनिकचा विषारी धूर गाळणीत गेला म्हणून बरं, नाहीतर साहेबांच्या अकलेचं मोल सगळ्यांच्या फुप्फुसांनी चुकवलं असतं.

चकती बाहेर आली ती आंधळी होऊन. अंगभर गॅलियमचे बारीक थेंब. काकांनी ती चिमट्यात धरून उजेडात फिरवून पाहिली.

"भट्टीच भंगार आहे," साहेब म्हणाले. "आणि ही बाई निष्काळजी. उद्यापासून येऊ नका."

ताई पुढे आल्या. "जाते. पण आधी एवढं बघा." त्यांनी उरलेल्या दोन्ही चकत्या घेतल्या. एक उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, तोंडाला तोंड लावून. एकीचं आर्सेनिक दुसरी अडवणार होती. चुकलं असतं, तर काकांच्या कष्टांतलं काहीच उरलं नसतं. काका म्हणाले, "ठेव, पोरी."

तेच साडेसातशे अंश, तेवढाच वेळ. पाहुण्यांसमोर दार उघडलं. दोन्ही चकत्या लख्ख!

साहेब लगेच पुढे झाले. "मी तेच तर सांगत होतो!"

"हो," काका म्हणाले, "तोंड वर करून!" मग त्यांनी पाहुण्यांना घडलेलं सगळं सांगितलं. ताई राहिल्या. साहेबांना पुन्हा कुणी माझ्या बटणाला हात लावू दिला नाही.

मित्रांनो, आच वाढवणं कुणालाही जमतं. समोरचं काय सोसेल आणि काय गमावेल, हे आधी विचारा. आणि जाणकार सांगत असेल, तर निदान तेवढा वेळ तरी तोंड मिटा.