‘ब’च्या पोटातली रेघ

मित्रांनो, मी डीव्हीडी रायटर. जुना आणि आता बिनकामाचा. कोऱ्या चकचकीत तबकडीवर किरणाने लग्नं, बारशी, सिनेमे कोरायचे, हा माझा धंदा होता. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. कॉम्प्युटरच्या डब्याला पुढून एक चपटं तोंड असायचं, बटण दाबलं की ते भलीमोठी जीभ बाहेर काढायचं. ते तोंड म्हणजे मी. सध्या दर्यापुरात नितेशच्या व्हिडिओच्या दुकानात माळ्यावर पडलो आहे, मोडक्या ट्रायपॉडच्या शेजारी. माझ्या तोंडात एक डिस्क अडकली आहे. तिचीच गोष्ट सांगायची आहे, आणि ती गोड नाही हे आधीच सांगून ठेवतो.

माझेही दिवस होते. धामणगावची वरात असो की बाळापूरची हळद, अखेर सगळं माझ्याच तोंडातून जायचं. आमच्याकडे डीव्हीडीला कुणी डीव्हीडी म्हणत नसे, सगळे शिडी म्हणत. “नितेशभाऊची शिडी कधी अटकत नाई,” असं गिऱ्हाइकं म्हणायची, तेव्हा मी आत फुगून जायचो. कौतुक नितेशचं व्हायचं, पण फिरत मी होतो ना!

मग एक दिवस जीवन आला. नितेशचा शाळेतला दोस्त. लग्नांत कॅमेरा धरता धरता त्याला सिनेमाचं वेड लागलं आणि त्याने खरोखरच एक सिनेमा करून टाकला, तोही अस्सल वऱ्हाडीत. नाव ‘बिनपत्त्याचं पाकीट’. एका बाईला रस्त्यात पत्ता नसलेलं पाकीट सापडतं आणि ती त्याचा धनी शोधत गावोगाव फिरते, एवढीच गोष्ट. थिएटरवाल्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. तेव्हा ठरलं की दर्यापुरातच शाळेचं सभागृह घेऊन खेळ करायचा आणि दोनशे शिड्या काढून खेड्यापाड्यांत पोचवायच्या. घरोघरी टीव्हीखाली प्लेयर होतेच.

सिनेमातली ती बाई म्हणजे पार्बताबाई. स्वतःच्या मळ्यातली वांगी-मेथी बाजारात आणून विकणारी. जन्मात कधी नाटकात नाही की तमाशात नाही, पण कॅमेऱ्यासमोर अशी उभी राहिली की जीवन नुसता बघत बसला. तिने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली, तीही दुकानात माझ्यासमोर बसून.

“हे पाय बावा, मले लुगडं नोको, काई नोको. माह्यं नाव टाकजो शिडीत. पार्बता. माय-बापानं ठेवलं तेच.”

“टाकतो न मावशी. सगळ्यात वर टाकतो.”

“वर टाक नाई त खाली टाक. पन शुद्ध नोको करू. शुद्ध केलं त मी पाहाले येनार नाई.”

तिचं खरंच होतं. रेशनकार्डावर ती पार्वतीबाई, मतदार यादीत पार्वताबाई, दवाखान्याच्या कागदावर आणखी काहीतरी. लिहिणारा प्रत्येक जण तिच्यावर उपकार केल्यासारखं तिचं नाव सुधारून घ्यायचा. साठीला आल्यावर ती प्रौढांच्या वर्गात गेली, ती फक्त आपलं नाव वाचता यावं म्हणून. आणि वाचता आल्यावर तिला कळलं, की ते कुठेच लिहिलेलं नाही!

आता माझ्या बदनामीकडे येतो. डिस्क बनवायची तर आधी एका सॉफ्टवेअरमध्ये सगळं बांधावं लागतं: सिनेमा, गाणी, सुरुवातीला दिसणारं मेनूचं पान, कलाकारांच्या नावांचं पान. मग ते बांधलेलं माझ्याकडे येतं आणि मी कोरतो. नितेशने बटण दाबलं. मी फिरायला लागलो. एक्काहत्तर टक्क्यांवर काम ठप्प आणि पडद्यावर लाल अक्षरं: ‘राइट एरर’. दुसरी डिस्क घातली, पुन्हा एक्काहत्तर. तिसरी, चौथी, अकरावी, सगळ्या तिथेच मेल्या. दुकानात त्यांच्यावर चहाचे कप ठेवायला लागले.

त्या एररच्या नावात ‘राइट’ होतं, म्हणून गुन्हेगार रायटर. झालं! नितेशने डब्याला दोन थापडा हाणल्या. माझं झाकण उघडून फुंकर मारली, स्पिरिटचा बोळा फिरवला. “म्हतारा झाला बे हा,” तो जीवनला म्हणाला, “याच्या भरोशावर राह्यलो त खेळ बुडन आपला.” इतकी वर्षं माझ्या जिवावर लग्नं काढली त्याचं हे बक्षीस. अकोल्याहून नवाकोरा रायटर आला आणि माझ्या डोक्यावर बसवला गेला.

तोही एक्काहत्तरवर अडकला. मला आनंद झाला, लपवत नाही.

शेवटी नितेशने अकोल्याच्या गोपालला फोन लावला. गोपाल कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, तोंडाने फटकळ.

“फोल्डरचं नाव काय ठेवलं?” त्याने विचारलं.

“पिक्चरचंच. ‘बिनपत्त्याचं पाकीट’.”

“इंग्रजीत?”

“नाई, मराठीत. जीवन म्हने, पिक्चर वऱ्हाडी हाये, त फोल्डरचं नाव इंग्रजीत काहून?”

पलीकडून गोपाल असा हसला की मला डब्यात ऐकू आलं. “अबे लेकाहो, तुमचं सॉफ्टवेअर जुनं हाये, त्याले मराठी वाचता येत नाई! मेनू सापडते त्याले, पन पिक्चरच्या फायलीचा पत्ताच सापडून नाई राह्यला! काढा थे नाव.”

फोल्डरचं नाव ‘फिल्म वन’ झालं, इंग्रजीत, आणि काम शंभर टक्क्यांवर सुरळीत पोचलं. नवा रायटर अकोल्याला परत गेला. माझी कुणी माफी मागितली नाही. मागतील तरी कशाला!

पण त्याच सॉफ्टवेअरने दुसरं विघ्न काढलं. कलाकारांच्या पानावर सिनेमात काम केलेली सीमा आली, जीवन आला, पण पार्बताबाईचा रफार काही जुळेना. ‘र’ एकीकडे, ‘ब’ दुसरीकडे आणि मधे रिकामा चौकोन. खेळाला तीन दिवस उरले होते. जीवन सभागृहाच्या तयारीसाठी धावत होता. नितेशने जुन्या कामांत शोधलं, तर धामणगावच्या एका लग्नातलं तयार नाव सापडलं, सोनेरी अक्षरांत सुंदर सजवलेलं चित्र: ‘पार्वताबाई’. ते त्याने उचललं आणि चिकटवलं. पानावरही आणि वेष्टनावरही.

वर्षाली, त्याची बायको, अल्बम चिकटवत बसली होती. तिने मान वर केली. “अवो, ‘ब’ पाह्यजे तथी. हा ‘व’ हाये.”

“एका रेघेचा त फरक हाये. कोन वाचून राह्यलं?”

आणि मित्रांनो, मी ते कोरलं. माझ्यापुढे जे येतं ते मी कोरतो, मला नाही म्हणता येत नाही. तीन दिवसांत दोनशे डिस्क काढल्या, अंग भट्टी झालं, पण एकही फुकट गेली नाही. नितेशने डब्यावर हात फिरवला. “वा रे माह्या वाघा!” चूक माझी नव्हती तेव्हा थापडा खाल्ल्या आणि दोनशे वेळा खोटं कोरलं तेव्हा वाघ झालो.

खेळाच्या दिवशी डबा सभागृहात नेला. डिस्क माझ्याच तोंडात होती. पार्बताबाई पुढच्या खुर्चीवर, इस्त्रीचं पातळ, डोक्यावरून पदर. जीवनने मोठ्या हौसेने सिनेमाआधी कलाकारांचं पान लावलं. ती उठली. पडद्यापाशी गेली आणि कापडावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली. बोट मधेच थांबलं.

“जीवन, हे कोन व्हय?”

जीवनने पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. “तुमचंच... तुमचंच नाव हाये, मावशी.”

“मंग ‘ब’च्या पोटातली रेघ कोठी गेली?”

मागे दोघे-तिघे हसले. नितेश पुढे आला. “एका रेघेनं काय होते मावशी! सिनेमा त पाहा.”

“काई नाई होत? मंग तुह्या नावाची येलांटी काढून टाकतो. नतेश म्हनू तुले?”

आता सगळं सभागृह हसलं. ती हसली नाही. तिने पेन मागितलं. दाराशी खोक्यात तेवीस शिड्या उरल्या होत्या, बाकीच्या जीपमधून गावोगाव गेल्या होत्या. ती जमिनीवर बसली आणि एकेक वेष्टन मांडीवर घेऊन ‘व’च्या पोटात तिरपी रेघ मारत गेली. तेवीसच्या तेवीस. मग पेन परत करताना तिने विचारलं, “वरचं झालं. आतलं कोन दुरुस्त करन?”

आतलं म्हणजे माझं काम. पण एकदा कोरलेलं मला पुसता येत नाही. ती गेली, बोलल्याप्रमाणे. पुढची खुर्ची रिकामी आणि पडद्यावर तीच, पाकीट हातात घेऊन दारोदार विचारत फिरतेय. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला त्या टाळ्या सहन झाल्या नाहीत. बटण दाबलं तर माझी जीभ बाहेर आली नाही, तेव्हापासून ती डिस्क माझ्या तोंडातच आहे.

“दुरुस्त करून नव्या काढू,” असं जीवन म्हणत राहिला. मग शिड्यांचा जमाना संपला, सॉफ्टवेअर बंद झालं, मी माळ्यावर गेलो. नितेश आता फ्लेक्स छापतो.

मागच्या महिन्यात खाली घाई चालली होती. पार्बताबाई वारली होती आणि चौकात लावायला श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. नितेशने जुनी फाइल उघडली. सोनेरी अक्षरं तयारच होती.

“अवो, रेघ!” वर्षाली ओरडलीच. “आता तरी मारा न थे रेघ!”

“आता कोन वाचन?” नितेश म्हणाला. “वाचनारी त गेली.”

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या, मला भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण कुणाचं नाव लिहाल तेव्हा त्या माणसाला विचारून लिहा. आणि तो जिवंत असेपर्यंत विचारा.