सगळ्यांनी माफ करा

आमच्या गावात वेदीवरची भाकर भाजायचा मान तेव्हा वेलिकाकडे होता. ख्रिस्ताच्या नावाची अक्षरं कोरलेला, सासूकडून आलेला लाकडी शिक्का ती दर शनिवारी कणकेवर दाबायची आणि भाकर कशी गुळगुळीत निघायची. त्या हिवाळ्यात मात्र भाकर फुटायला लागली. नेमकी नावावरच चीर.

"पीठ ओलसर असेल," फादर मेतोदी म्हणाले. "पण ईस्टरआधीच्या उपासाच्या पहिल्या रविवारीही फुटली, तर शहरातून मागवू. तुलाही आता विश्रांती हवीच."

विश्रांती! वेलिकाने शिक्का एप्रनमध्ये गुंडाळून घेतला. पीठ ओलं नव्हतं. मनात अढी ठेवून मळलेली भाकर फुटते, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगत, आणि अढी कुठली ते तिला ठाऊक होतं. सुगीत तिचे हात थरथरताना पाहून धाकटी जाऊ दोन्का म्हणाली होती, "मी मळू का?" त्यावर चर्चच्या पायरीवर, चारचौघींत वेलिका बोलून गेली, "तुझ्या हातांना शेळ्यांचा वास. देवाची भाकर आहे ही, बोकडाची नव्हे!" बायका हसल्या. दोन्का हसली नाही.

उपासाआधीचा क्षमेचा रविवार आला. प्रार्थनेनंतर सगळे रिवाजाप्रमाणे एकेकासमोर वाकत होते. वेलिकाने मधोमध उभं राहून घाईने मान लववली. "सगळ्यांनी मला माफ करा हं!"

"देव माफ करो!" घोळक्यातून उत्तर आलं. सुटले, म्हणत ती घरी आली.

सुटली कुठे? ताटातली चीज भरलेली बानित्सा गार झाली. धाकट्यांनी थोरल्यांकडे माफी मागायला जायचं, ही रीत. म्हणून ती फाटकाकडे कान लावून बसली. शेजारच्या सुना येऊन हात चुंबून गेल्या. दोन्का आली नाही.

"चांदीसारखं मला आगीतून काढ, मळ जळू दे," असं ती दर उपासाला देवाला म्हणायची. म्हणायला गोड वाटायचं. आज छातीत धग पेटली होती. खरंच ऐकलं की काय त्याने? आणि जाळून जाळून खाली चांदी निघालीच नाही तर? शिक्का गेला, तर आपलं म्हणून उरणार काय?

शाल ओढून ती तशीच निघाली.

"जाऊबाई? अहो, पायांत मोजेसुद्धा नाहीत! कोण गेलं?" दोन्काने दार उघडलं.

"कुणी नाही गं. मघाशी मी माफी मागितली ना..."

"सगळ्यांची मागितलीत. माझं नाव 'सगळे' नाही."

वेलिका वाकली आणि धाकटीचा हात तिने ओठांना लावला. शेळ्यांचा वास होताच.

"दोन्का, तू मला माफ कर."

"अगंबाई, सोडा! उलटंच काय करताय!" दोन्काने हात ओढून घेतला, तोंड फिरवलं. "देव माफ करो. मला थोडा वेळ लागेल."

"लागू दे. शनिवारी मळायला येशील?"

"अत्तर लावून येऊ?"

"आहेस तशी ये."

शनिवारी दोन्काने कणीक मळली. शिक्काही वेलिकाने तिच्याच हाती दिला. दोघींनी मिळून भट्टी उघडली. काठाला बारीकशी चीर होती. नाव शाबूत होतं.

"फादरकडे तूच ने," वेलिका म्हणाली. "आणि शिक्का राहू दे तुझ्याकडे."

दोन्का टोपली उचलून निघाली. वेलिकाने रिकामे हात एप्रनला पुसले. ते अजून थरथरत होते.